पंप घेण्याआधी मे महिन्यातला पऱ्या (ओहोळ) मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: चिपळूण तालुक्यात वाशिष्ठीला मिळणाऱ्या एका उपनदीच्या वरच्या अंगाला तुमचं गाव, शंभरेक शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढलीय, 5 एचपीचे तीन सोलर पंप लावून नदीतलं पाणी उचलायचं, ड्रिपवर सुपारी आणि काजू-आंब्याची नवी कलमं करायची, नदीकाठच्या सपाट जागेत काजू प्रोसेसिंग आणि आंबा पल्पचं युनिट टाकायचं, फवारणी ड्रोनने करायची. काका म्हणतायत "तुम्ही पोरं नदी मारणार", तुम्ही म्हणताय उत्पन्न वाढलं नाही तर गावात राहणार कोण. आणि विचारताय की बॅलन्स कसा साधायचा.

आधी हे सांगतो की दोघांचं बरोबर आहे, आणि हे मन राखायला म्हणत नाहीये. मी वीस-बावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात पाणलोटाची आणि छोट्या उपसा योजनांची कामं करतोय. वाडीतली तरणी माणसं मुंबईला गेली की खाचरं पडीक पडतात, बांध ढासळतात, दर हिवाळ्यात कच्चा बंधारा घालायला चार हात मिळत नाहीत. तेव्हा गावात पैसा यायला हवा ही नदीचीसुद्धा गरज आहे. पण "बॅलन्स" हा शब्द मला जरा फसवा वाटतो, त्यातून असं वाटतं की थोडा विकास थोडं पर्यावरण असा मधला काटा कुठेतरी आहे. नदीचं तसं नसतं. वर्षातले नऊ महिने तुम्ही काहीही केलंत तरी ती चालवून घेते. तिचे दोन नाजूक काळ असतात, एक एप्रिल-मे मधला सगळ्यात कमी पाण्याचा आणि एक जुलैमधला सगळ्यात जास्त पाण्याचा. तुमचा प्लॅन या दोन काळांत काय करतो एवढंच बघायचं.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. खुद्द वाशिष्ठीच्या काठावर, पोफळीच्या खाली असतात तर उत्तर वेगळं असतं. कारण वाशिष्ठीला उन्हाळ्यात जे पाणी दिसतं ते बरंचसं कोयनेचं अवजल आहे. कृष्णा खोऱ्यातलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या अलीकडे आणून वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सुटतं, पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने दिलेली मर्यादा वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. म्हणजे तिथली मे महिन्यातली नदी विजेच्या मागणीप्रमाणे वरखाली होते. हे पाणी मुंबईला न्यायच्या योजनाही अधूनमधून निघतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर तीस वर्षांची बाग लावताना मी दोनदा विचार केला असता. गोवळकोटच्या खाली असतात तर भरतीचं खारं पाणी हा पहिला मुद्दा झाला असता. पण तुम्ही उपनदीच्या वरच्या अंगाला आहात, म्हणजे तुमची नदी नावाला नदी, मे मध्ये तो पऱ्याच. आणि तो पऱ्या सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्या कातळाच्या पठारावर, जगतो.

हे जरा नीट सांगतो कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे एका हेक्टरवर वर्षाला तीन कोटी लिटर पाणी पडतं, तरी मार्चपासून टँकर. कारण जांभा भोकाभोकाचा, पाणी त्यातून सरसर खाली उतरतं, खाली शेडी मातीचा, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या चिकणमातीचा, थर लागला की तिथे अडतं आणि त्या थरावरून आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. सडा म्हणजे तुमची टाकी, झरा म्हणजे तिचा नळ. टाकी दिवाळीला भरलेली असते आणि मे पर्यंत जवळजवळ रिकामी होते. वर सड्यावर कोणी जेसीबीने कातळ फोडून, सपाट करून, माती भरून बाग केली किंवा चिरेखाण काढली तर खालच्या झऱ्यावर परिणाम होऊ शकतो, आणि तो कळायला दोन-तीन वर्षं जातात. तोपर्यंत कोणाला जोडच लागत नाही की झरा का आटला, मग पाऊस कमी झाला म्हणून मोकळे होतात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका वाडीसाठी उपसा योजनेचा आराखडा मी केला. पऱ्याचं पाणी मोजलं जानेवारीत, कारण मंजुरीची घाई होती. आकडा छान आला. शिवाय ड्रिप असल्यामुळे पाणी निम्म्यावर येईल असं मी छातीठोकपणे सांगितलं, आणि आलंही, पहिल्या वर्षी खरंच निम्मं पाणी वाचलं. दुसऱ्या वर्षी लोकांनी वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर सुपारी लावली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीने बघून आपला पंप टाकला. चौथ्या उन्हाळ्यात खालच्या अंगाची विहीर, जी कधी आटली नव्हती, ती एप्रिलच्या मध्याला तळाला गेली आणि तिथल्या बायका हंडे घेऊन माझ्या नावाने बोटं मोडायला लागल्या. ड्रिपमध्ये दोष काहीच नव्हता. पाणी कोणासाठी आणि कुठपर्यंत वाचवतोय हे आम्ही आधी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे वाचलेलं पाणी नदीला न मिळता पुढच्या रोपाला मिळालं. तेव्हापासून मी एकच नियम धरलाय, मर्यादा आधी ठरवायची आणि मशीन मग घ्यायचं. उलट केलं की मशीनचा हप्ताच मर्यादा ठरवतो.

मोजायचं कसं? मोठा इंजिनिअर लागत नाही. जाड पत्र्याला 90 अंशाची व्ही आकाराची खाच कापायची, पऱ्यात आडवा बसवायचा, बाजूंनी चिकणमातीने बुजवायचा म्हणजे सगळं पाणी खाचेतूनच पडेल, आणि पत्र्याच्या जरा मागे पाण्याची उंची खाचेच्या टोकापासून पट्टीने मोजायची. 10 सेंटिमीटर उंची असेल तर सेकंदाला साधारण सव्वाचार-साडेचार लिटर पाणी वाहतंय. 5 सेंटिमीटर असेल तर? लोकांना वाटतं निम्मं. नाही, पाऊण लिटरच्या आसपास. उंची निम्मी झाली की प्रवाह सहाव्या हिश्शाच्या जवळ येतो, म्हणून "अजून बरंच पाणी दिसतंय की" या डोळ्याच्या अंदाजावर कधी जाऊ नका.

आता याच्या शेजारी तुमचे पंप ठेवा. 5 एचपीचा पंप वीस मीटर उंचीवर पाणी चढवत असेल तर सेकंदाला आठ-नऊ लिटर ओढतो. तीन पंप, उन्हाचे चांगले पाच तास धरले तरी चार लाख लिटरच्या वर. आणि 10 सेंटिमीटरवाला पऱ्या अख्ख्या चोवीस तासात आणतो पावणेचार ते चार लाख लिटर. म्हणजे तुमचे तीन पंप जेवायच्या सुट्टीपर्यंत पूर्ण दिवसाचा पऱ्या पिऊन टाकणार. डिझेल पंप होता तेव्हा निदान डिझेलच्या पैशाने हात आखडायचा, लाईटच्या पंपाला बिल यायचं आणि लाईट जायची. सोलरला तो ब्रेकच नाही, आणि ऊन नेमकं त्याच महिन्यात कडक जेव्हा पाणी सगळ्यात कमी. मी सोलरच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या घरावर आहे, पण जुना ब्रेक काढला तर नवा ब्रेक कोणता ते तरी ठरवा.

हजार वस्तीच्या गावाला माणशी 55 लिटरच्या हिशोबाने पिण्या-वापरायला 55 हजार लिटर लागतं, ते पहिलं बाजूला काढा. खालच्या वाड्यांचंही काढा. मग उरलेल्यातलं निदान निम्मं पऱ्यात सोडा, ही माझी स्वतःची पद्धत आहे, पुस्तकातला नियम नाही, तुमच्याकडे खाली मोठी कोंड (खोल डोह) असेल आणि त्यात मासे उन्हाळा काढत असतील तर मी जास्त सोडेन. या हिशोबाने एप्रिल-मे मध्ये तुम्हाला एका पंपाचे चार-पाच तास मिळाले तरी खूप.

मग सुपारी करायचीच नाही का? करायची, पण पाणी उचलायचा महिना बदलायचा. माझ्या मते खरं इनोव्हेशन इथे आहे, ड्रोन-बिनमध्ये नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर पऱ्या भरपूर वाहत असतो आणि ते पाणी खाडीलाच जात असतं, तेव्हा तिन्ही पंप बिनधास्त चालवा आणि अस्तराचं शेततळं भरून ठेवा. अस्तर हवंच, जांभ्यात नुसता खड्डा खणून पाणी ठेवणं म्हणजे चाळणीत ताक ओतणं. वीस बाय वीस मीटरचं, तीन मीटर खोल, बाजूंना उतार दिलेलं तळं साधारण सात लाख लिटर धरतं. पाचशे सुपारीला झाडामागे रोज 15 लिटर धरले तर एप्रिल-मे चे साठ दिवस मिळून साडेचार लाख, डिसेंबरपासून वाफ होऊन दोन-अडीच लाख जाईल, तरी जेमतेम भागतंय. फक्त तळ्याला ताटी घाला, रानडुक्कर नाहीतर गुरं पडतात आणि वर येता येत नाही, प्लास्टिक निसरडं असतं.

काजू-आंब्याच्या कलमांना तर एवढंही लागत नाही. त्यांना पाणी पहिली दोन-तीन वर्षंच द्यायचं, आणि त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं जलकुंड बघा, चार बाय एक बाय एक मीटरचा खड्डा, आत प्लास्टिकचं अस्तर, चार हजार लिटर पावसाचं पाणी, वर झाकण. दिसायला अगदी साधं, म्हणून कुठल्या प्रेझेंटेशनमध्ये त्याचा फोटो नसतो. पण चढावरच्या बागेत नदीपासून पाईप टाकायचा सगळा खर्च वाचतो.

आता प्रोसेसिंग युनिट. इथे मला तुमच्या प्लॅनमधली सगळ्यात मोठी चूक दिसते, आणि ती जागेची आहे. पण त्याआधी वेळेचं बोलतो. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, आंबा पल्प एप्रिल-मे-जूनची सुरुवात, कोकम तसंच. म्हणजे आपलं कोकणातलं जवळजवळ सगळं फळ नेमकं तेव्हा प्रोसेस होतं जेव्हा नदीत पाणी नसतं. घाटावरच्या भरल्या कालव्याच्या कडेला जे खपून जाईल ते इथे खपत नाही. 30 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. पल्प युनिटच्या धुवणात साखर आणि गर असतो, तो कुजताना लिटरमागे हजार-दीड हजार मिलिग्रॅम ऑक्सिजन सहज मागतो. ढोबळ हिशोब केला तरी एक लिटर धुवण दोनशे लिटर नदीचा श्वास घेतं. दिवसाला दोन हजार लिटर धुवण पऱ्यात सोडलंत तर चार लाख लिटर झालं, म्हणजे परत तुमचा तो अख्ख्या दिवसाचा पऱ्या. यात विषारी काही नाही, आंबाच आहे, असं प्रत्येक युनिटवाला म्हणतो आणि ते खरंही असतं. मासे मरतात ते विषाने नाही, घुसमटून.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. गर आणि सालं जाळीत पकडून बायोगॅसला घाला, पाण्याला अस्तराची टाकी करा, निवळलेलं पाणी केळीच्या-नारळीच्या आळ्यांना थोडं थोडं द्या, एका जागी ओतू नका कारण जांभ्यातून ते थेट कोणाच्या तरी विहिरीत उतरेल. काजूचं म्हणाल तर ड्रम रोस्टिंगपेक्षा वाफेवर करा, धूर कमी, आणि टरफलं पावसाआधी तेल काढणाऱ्याला विकून टाका, ढीग उघड्यावर ठेवला की पहिल्या पावसात त्याचं काळं पाणी पऱ्यात. त्या तेलाने हाताची कातडी जाते हे काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा, मग माशाच्या कल्ल्यांचं काय होत असेल. बाकी प्रदूषण मंडळाची संमती, पाणी उचलायची परवानगी, गाव पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राच्या मसुद्यातल्या यादीत आहे का, हे कागद आधीच बघून घ्या, नंतर त्यात वर्ष जातं.

आणि जागा. नदीकाठची सपाट जागा सपाट का आहे, हा प्रश्न विचारा. नदीनेच पुरात गाळ टाकून केली म्हणून. 22 जुलै 2021 ला चिपळुणात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, 2005 पण घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. त्यानंतर गाळ, भरती, कोयनेचं पाणी यावर खूप भांडणं झाली, गाळ काढायचं कामही झालं, आणि त्या प्रत्येक मुद्द्यात काही ना काही तथ्य आहे. पण वरच्या गावांच्या वाट्याचं कोणी बोलत नाही. एक एकर भाताच्या खाचरात 15 सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ते सहा लाख लिटर होतं, तुमच्या त्या शेततळ्याच्या जवळपास. अशी शंभर एकर खाचरं पडीक झाली, बांध फुटले, की तेवढं पाणी थांबायचं सोडून सुसाट खाली जातं. एवढ्याने 2021 चा पूर टळला असता असं मी म्हणणार नाही, तो पाऊसच वेगळा होता, पण दरवर्षीच्या लहान पुरांना याने नक्की फरक पडतो. तुम्ही त्या सपाटीवर भराव घालून शेड आणि कंपाऊंड वॉल बांधलीत तर पाण्याची जागा गेली, शिवाय मशीन पुराच्या तोंडात. सरकारी पूररेषांमधली निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या. तुमच्या उपनदीवर रेषा आखल्याच नसतील बहुतेक, पण काकांना विचारा पाणी कुठपर्यंत आलेलं, ते झाड दाखवतील. शेड त्याच्या वर, रस्त्याच्या कडेला घ्या, चढावर प्लिंथचा खर्च वाढेल तो वाढू दे.

बंधाऱ्यांबद्दल एकच. सिमेंटचे बंधारे दर दोनशे मीटरवर नकोत. कच्चे किंवा बरगे (पाणी अडवायच्या आडव्या फळ्या) काढता येतील असे घाला, आणि बरगे मे संपायच्या आत खरोखर काढा. पहिल्या पावसात वळगणीचे मासे वर चढतात ते अंडी घालायला, बरगे तसेच राहिले तर मासे खाली अडतात आणि गाळ वर अडतो, दोन्हीकडून नुकसान. वनराई बंधाऱ्याच्या प्लास्टिकच्या गोण्याही उचला, नाहीतर त्या दाभोळच्या खाडीत मच्छीमारांच्या जाळ्यात निघतात.

खाडीचा विषय निघालाच तर, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतली माणसं किती वर्षं ओरडतायत ते तुम्हाला माहितीय, पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालातही लोटेचं नाव आलंय. मला त्यातून दिसतं ते असं की पगार मिळणारी माणसं वेगळी आणि मासा गेलेली माणसं वेगळी, आणि दोघं कधी एका खोलीत बसलीच नाहीत. तुमचं युनिट त्याच्यापुढे मुंगीएवढं आहे, पण खालच्या वाडीच्या दृष्टीने तुम्ही वरचेच. म्हणून कंपनीच्या मीटिंगला खालच्या दोन वाड्यांमधली आणि पऱ्यावर पाणी भरणारी दोन-तीन माणसं बोलवा, बायका असतील तर उत्तम. त्यांच्यासमोर कोंडीच्या कातळावर तांबड्या ऑइलपेंटने एक रेघ मारा, पाणी रेघेखाली गेलं की पंप बंद. ॲप, सेन्सर, मोबाईलवर मेसेज सगळं नंतर करा, हौस असेल तर जरूर करा, पण रेघ आधी, कारण रेघ गुराख्यालाही वाचता येते. आणि स्टार्टरच्या पेटीची चावी पंपवाल्याकडे ठेवू नका, खालच्या वाडीतल्या बचत गटाकडे द्या. यावर तुमच्याकडे भांडण होईल, आमच्याकडेही झालं, दोन मीटिंगा फुकट गेल्या. तिसऱ्यांदा मान्य झालं कारण एका म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही रेघ पाळणारच असाल तर चावी त्यांच्याकडे असून तुमचं काय जातंय?

ड्रोन फवारणीचं मुद्दाम शेवटी. पऱ्याच्या दोन्ही बाजूंना झाडांचा पट्टा सोडा आणि वारा असेल त्या दिवशी उडवू नका, यापलीकडे मला त्यावर फार म्हणायचं नाही. मजूर मिळत नाहीत हे खरंय आणि औषध कमी लागत असेल तर चांगलंच आहे.

तर आता लगेच काय. पंपाची ऑर्डर एक उन्हाळा पुढे ढकला. कंपनीतले लोक कुरकुरतील, सबसिडीची तारीख जाईल म्हणतील, तर एकाच पंपाचा अर्ज करा. शेततळं आणि जलकुंडं यंदाच खणायला घ्या, त्याला थांबायची गरज नाही. पत्र्याची खाच गुढीपाडव्याच्या आसपास बसवा आणि पहिला पाऊस पडेपर्यंत दर रविवारी सकाळी उंची लिहून ठेवा, शाळेतल्या पोरांना सांगितलंत तर ती तुमच्यापेक्षा नेमाने लिहितील. ते आकडे, पंपापासून टाकीपर्यंतची उंची, आणि खाली किती विहिरी आहेत एवढं इथे टाका, मी कोणता पंप किती तास चालवता येईल ते बसवून देतो. आणि काकांना विचारून त्या कोंडीत पूर्वी मे मध्ये पाणी कुठवर असायचं तेही लिहा, मला रेघ कुठे मारायची ते बघायला लागेल.